वर्धा जिल्ह्याएवढ्या देशाशी आपलं एवढं सख्य कशापायी?

कारंज्याची मास्तरीण:

नमस्कार मंडळी. मी कारंजा (घाडगे) तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. प्रश्न माझा नाही, सातवीतल्या एका पोट्ट्याचा आहे. मला उत्तर देता आलं नाही म्हणून इथं टाकते.

सामान्य ज्ञानाच्या तासाला मी सांगून गेले की १२ मार्च २०२५ ला मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनाला आपले पंतप्रधान प्रमुख पाहुणे होते आणि त्याच्या आदल्या वर्षी आपल्या राष्ट्रपती होत्या. पोट्टा म्हणाला, "मॅडम, देश केवढा आहे तो?" फळ्यावर मांडून दाखवलं. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपला वर्धा जिल्हा १३ लाखांचा. त्यांची सगळी बेटं धरून जमीन २,०४० चौरस किलोमीटर, वर्धा जिल्ह्याची ६,३०९. म्हणजे माणसं जिल्ह्याएवढी आणि जागा तिसऱ्या हिश्श्याची. पोट्टा लगेच म्हणाला, "मग ते आपल्या जिल्ह्यात काहून नाही येत दरवर्षी?" वर्ग हसला, मीही हसले, घंटा वाजली म्हणून सुटले.

पण डोक्यातून जाईना, कारण एक घरची गोष्ट आहे. माझी मावशी वर्ध्याला हिंदी विद्यापीठाच्या बाजूला राहते, वरच्या दोन खोल्या शिकणाऱ्या मुलींना भाड्यानं देते. मागे तिच्याकडे मॉरिशसची एक मुलगी होती. आलेली हिंदी शिकायला, पण घर मूळचं मराठी. मावशीला आधी थट्टाच वाटली. ती जे आडनाव सांगायची ते आडनाव नव्हतंच, कुण्या पूर्वजाचं पहिलं नाव होतं, शेवटी 'जी' लागलेलं. दिवाळीच्या सुटीत मी गेले होते. मावशी अनारसे तळत होती आणि ही पोरगी ओट्याला टेकून उभी. बोलता बोलता वर गेली आणि फाइलमधून एक कागद घेऊन आली. तिकडे मोका म्हणून गाव आहे, तिथल्या महात्मा गांधी संस्थेत इंग्रजांनी इकडून करारावर नेलेल्या मजुरांची जुनी रजिस्टरं जपलेली आहेत, त्यातली नक्कल. मजुराचा क्रमांक. जहाजाचं नाव. बापाचं नाव, जात, वय २२, उंची ५ फूट ३ इंच. अंगावरची खूण: डाव्या भुवईवर व्रण. जिल्हा रत्नागिरी, पण लिहिलेलं 'रटनाघेरी'. गावाच्या रकान्यात 'कॅसली'सारखं काहीतरी. साल १८५० नंतरचं.

मावशीनं हात पुसले, चष्मा चढवला आणि तो कागद दोनदा वाचला. तिच्या नातवाच्या जात पडताळणीसाठी तेव्हा आमचं अख्खं खानदान तहसीलच्या चकरा मारत होतं. कोतवाल बुकात १९५० आधीची एक नोंद हवी होती आणि जे पान हवं नेमकं तेच वाळवीनं खाल्लेलं. मावशी म्हणाली, "पाहा बाप्पा! माझ्या सासऱ्याच्या बापाचं नाव आपल्याच गावच्या दप्तरात भेटून नाही राहिलं, अन् हिच्या खापरपणज्याच्या भुवईवरचा वण इंग्रजानं जपून ठेवला."

तर जाणकारांनी सांगावं. हे सख्य खरोखर त्या कागदावरच्या माणसांमुळे आहे, की माणसं नुसती भाषणापुरती आणि आतला हिशेब वेगळा? शिव्या नकोत, पक्षाचं राजकारण नको. सातवीला सांगता येईल असं सांगा.

हिशेबनीस, दर्यापूर:

मॅडम, तुम्ही भुवईवरचा व्रण पाहिला, मी वीस वर्षं टॅक्सची कामं करतो म्हणून मला दुसरंच दिसतं. भावना वगैरे ठीक आहे. सख्य पैशाचं आहे.

१९८२ मध्ये दोन्ही देशांत करार झाला की एकाच उत्पन्नावर दोनदा कर लागू नये. हेतू चांगला. त्यात एक कलम असं की मॉरिशसच्या कंपनीनं भारतातले शेअर विकून नफा कमावला तर त्यावर कर लावायचा हक्क मॉरिशसचा. आणि मॉरिशस त्या नफ्यावर कर लावतच नव्हता. म्हणजे दोनदा नको म्हणता म्हणता एकदाही नाही. १९९१ नंतर आपला बाजार उघडला तसे अमेरिका-युरोपातले पैसेवाले पोर्ट लुईत, म्हणजे मॉरिशसच्या राजधानीत, एक पत्ता घेऊन तिथून भारतात पैसा लावू लागले. कितीतरी वर्षं भारतात येणाऱ्या परदेशी गुंतवणुकीत मॉरिशस पहिल्या नंबरवर होता. साडेबारा लाखांच्या देशाकडे एवढी बचत कुठून येईल, सांगा?

सातवीच्या पोट्ट्यांना कळायचं तर त्यांच्या आजोबांना विचारायला सांगा. आपल्याकडे कापूस एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस सरकारलाच विकावा लागायचा, तेव्हा लोक रातोरात बंड्या भरून हद्दीपलीकडे मध्य प्रदेशात पांढुर्ण्याला कापूस न्यायचे. कापूस इथलाच, शेतकरी इथलाच, फक्त विकल्याची जागा पलीकडची. मॉरिशस म्हणजे पैसेवाल्यांचं पांढुर्णा. फरक एवढाच की आपले लोक लपून जायचे आणि हे सगळं कायद्यात बसणारं होतं. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ग्राह्य धरलं.

२०१६ मध्ये करार बदलला. १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरच्या नफ्यावर भारतात कर लागतो. आता माझा मुद्दा: ही भानगड सरकारांना आधीच दिसत होती, तरी हे कलम ३० वर्षांहून जास्त काळ कुणीही काढलं नाही. का? कारण ते काढलं असतं तर त्या बेटाच्या पोटावर पाय आला असता. म्हणजे बघा, मी पैसा म्हणत सुरुवात केली आणि तुमच्याच मुद्द्यावर येऊन पडलो. असो.

सिंदीचा वेल्डर:

मॅडम, मी सिंदी रेल्वेचा. तान्ह्या पोळ्याचं सिंदी म्हटलं की ओळख पटते. २०१८ मध्ये दोन वर्षांच्या करारावर मॉरिशसला कामाला गेलो होतो म्हणून लिहितो. लंबं होईल, सांभाळून घ्या.

एजंटला पैसे द्यायला बापानं गोऱ्ह्यांची जोडी विकली. तिकडे एका वखारीच्या शेडचं काम होतं. पोचल्या पोचल्या आमच्या ठेकेदाराच्या साहेबानं सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून कपाटात टाकले, म्हणे हरवतील. पत्र्याच्या खोलीत आम्ही अकरा जण, चार बिहारी, तीन बांगलादेशी, बाकी इकडचे तिकडचे.

पहिल्या दिवशी गाडीतून जाताना दोन्ही बाजूंनी ऊसच ऊस. मले ऊस नवीन नाही. पण त्या उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग, घराएवढाले, वर निमुळते रचलेले. वाटलं काहीतरी देवस्थान असेल. ड्रायव्हर म्हणाला, जमीन ज्वालामुखीची आहे, सगळी दगडाची होती, हे दगड मजुरांनी हातानं वेचून रचले तेव्हा ऊस लागला. आमच्या बापानं बोरीच्या वावरातले दगड वेचून धुऱ्यावर टाकले होते, दोन एकरांचे, तर अजून कंबर धरून बसतो. मी तो ढीग पाहिला आणि एका ढिगात किती कंबरा असतील हेच मोजत बसलो.

पोर्ट लुईत आप्रवासी घाट आहे, मॅडम. आधी त्याले कुली घाट म्हणत. २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. एका शनिवारी आम्ही तिघं गेलो. मोठं काहीच नाही तिथं. दगडी पडक्या भिंती, बाजूनं गाड्यांचा मोठा रस्ता, आणि सोळा पायऱ्या. मी मोजल्या. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलास' नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन आलं, तिथून सुरुवात. त्या दिवशी तिकडे अजून सार्वजनिक सुटी असते. तिथल्या माणसानं सांगितलं की १८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली, मळेवाल्यांना फुकटचे हात गेले, म्हणून इंग्रजांनी हिंदुस्थानातून करारावर माणसं आणायचा घाट घातला. जवळपास पाच लाख माणसं त्या बेटावर उतरली. इथं जमलं म्हणून मग फिजी, त्रिनिदाद, सुरिनाम सगळीकडे तेच केलं. मजुराला एक पास मिळायचा, पुढे त्यावर फोटोही आला. रस्त्यानं जाताना पास जवळ नसला की पकडून न्यायचे.

हे ऐकताना माझा हात आपोआप खिशाकडे गेला. माझा पासपोर्ट साहेबाच्या कपाटात होता.

(पुढं आमच्यातल्या एका बिहारी पोट्ट्यानं तिथल्या कामगार कचेरीत अर्ज टाकला, पंधरा दिवसांत सगळ्यांचे पासपोर्ट हातात आले. त्या पोट्ट्याले साहेब नंतर 'वकीलसाहेब' म्हणायचा.)

आता लोकांचं सांगतो. घरासमोर अंगणात लाल झेंड्या रोवलेल्या दिसल्या की समजायचं घर हिंदू, मारुतीच्या झेंड्या त्या. उसाच्या कडेला काळीमाईची छोटी ठाणी. गावोगाव 'बैठका' असायच्या, म्हणजे दिवसभर ऊस तोडून आलेली माणसं रात्री कंदिलाखाली पोरांना हिंदी वाचायला शिकवायची, रामायण लावायची. शाळा नव्हे, मास्तर नव्हे. म्हातारे आजही बैठकांबद्दल असं सांगतात जसं आपल्याकडे कुणी घरचं देऊळ दाखवतं. चलन रुपयाच आहे. रस्त्यावर दालपुरी मिळते, डाळ भरलेली पातळ पोळी, वर वालासारख्या दाण्याची भाजी आणि चटणी, एकावर एक दोन घालून कागदात गुंडाळून देतात. एक मागितली तरी जोडीच येते. पहिल्यांदा मी एकच द्या म्हणून भांडलो. पुरणपोळीतून गूळ काढला तर लागेल तशी लागते. बिहारी पोट्टा खाता खाता रडला, त्याच्या घरी तश्शीच करत.

पण बोली कोणती? क्रिओल. फ्रेंचातून निघालेली. रामप्रसाद नावाचा माणूस रामप्रसाद नावाच्या माणसाशी क्रिओलमध्ये बोलून राहिला. आपण हिंदीत बोललो तर कळतं, उत्तर देताना अडखळतात. हे मी मुद्दाम सांगतो, कारण इकडे लोकांना वाटतं ते आपलेच आहेत, फक्त लांब राहतात. तसं नाही. ते मॉरिशसचे आहेत. 'छोटा भारत' म्हटलेलं सगळ्यांना आवडत नाही, आणि आफ्रिकन गुलामांच्या वंशातले जे क्रिओल आहेत त्यांना तर बिलकुल नाही. माझ्याबरोबर एक क्रिओल फिटर होता. तो म्हणाला, तुमच्या सरकारनं मेट्रोला पैसा दिला, ठीक, पण इथं पंतप्रधान व्हायचं तर पणजा तुमच्याकडचाच लागतो. चूक नव्हता तो. आजवर भारतीय हिंदू घराण्याबाहेरचा पंतप्रधान एकच झाला, पॉल बेरांजे, २००३ ते २००५. मेट्रो मात्र मी त्याच फिटरबरोबर पाहिली. ऑक्टोबर २०१९ मध्ये सुरू झाली, आपल्या देशाच्या मदतीवर, कामही भारतीय कंपनीचं. तो डब्यात बसला, सीटवर हात फिरवला आणि म्हणाला, "बोन." म्हणजे चांगलं आहे.

गणपतीचं राहिलं. गणेश चतुर्थीला तिकडे सरकारी सुटी असते, अख्ख्या देशाला. पश्चिमेकडे कास्कावेल म्हणून मराठी वस्तीचं गाव आहे, तिथं गेलो. झाकरी नाचत होते. आपल्याकडे ती पद्धत नाही, कोकणातली जाखडी ती. आरती आपलीच, पण कागद रोमन लिपीतला. एका म्हाताऱ्यानं मले विचारलं, गाव कोणतं. म्हटलं वर्धा. तो म्हणाला, "रत्नागिरीपासून किती लांब?" त्याच्या मराठीत अर्धे शब्द क्रिओल, पण 'रत्नागिरी' स्वच्छ. मी म्हटलं हजारेक किलोमीटर. त्याचा चेहरा पडला. मी महाराष्ट्राचा आहे हे त्याला पटेचना.

फेब्रुवारी २०२० मध्ये परत आलो. आता घरीच ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो.

माजी नौसैनिक, खामगाव तालुका:

वेल्डरभाऊ, सलाम. तुम्ही जमिनीवरचं सांगितलं, मी पाण्यावरचं सांगतो. थोडक्यात.

नकाशात मॉरिशस शोधताना पोट्ट्यांना सांगा की जमीन बघू नका, पाणी बघा. देश २,०४० चौरस किलोमीटरचा, पण त्याच्या हक्काचा समुद्र जवळपास २३ लाख चौरस किलोमीटर. आफ्रिकेला वळसा घालून येणारी जहाजं त्या बाजूनं जातात. तेवढं पाणी राखायला त्यांच्याकडे स्वतःचं आरमार नाही, तटरक्षक दल आहे आणि त्याला जहाजं, माणसं, प्रशिक्षण भारताकडून जातं. 'बॅराकुडा' ही गस्तीनौका कोलकात्यात बांधून त्यांना दिली. मार्च २०१५ मध्ये ती तिथं दाखल झाली, तेव्हाच पंतप्रधानांनी हिंदी महासागराबद्दलचं 'सागर' धोरण (या भागातल्या सगळ्यांची सुरक्षा आणि सगळ्यांची वाढ) पोर्ट लुईत मांडलं. दिल्लीत नाही, तिथं. अगालेगा म्हणून त्यांचं एक बेट आहे, मुख्य बेटापासून उत्तरेला हजारावर किलोमीटर, वस्ती तीनेकशे. तिथं भारतानं धावपट्टी आणि धक्का बांधला, २९ फेब्रुवारी २०२४ ला उद्घाटन झालं. तीनशे माणसांसाठी तीन किलोमीटरची धावपट्टी कुणी बांधत नाही, हे तुम्हालाही कळतं.

दुसरं टोक चागोस बेटांचं. स्वातंत्र्य देण्याआधी १९६५ मध्ये ब्रिटननं ती बेटं मॉरिशसपासून तोडली, तिथल्या लोकांना हाकललं आणि दिएगो गार्सिया अमेरिकेच्या तळाला दिलं. मॉरिशस पन्नास वर्षं भांडत राहिला. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं मत दिलं की ब्रिटननं बेटं सोडावीत. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ विरुद्ध ६ मतांनी ठराव झाला, भारताचं मत मॉरिशसच्या बाजूनं. तोवर अमेरिका आपली जवळची मित्र झाली होती, तरीही. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशसनं त्यावर करार केला, तळ ९९ वर्षांच्या भाड्यानं राहणार असा.

आणि मदत नुसती बंदुकीची नाही. जुलै २०२० मध्ये 'वाकाशिओ' नावाचं जपानी मालकीचं जहाज खडकावर चढलं, हजारएक टन तेल समुद्रात गेलं. आपण ३० टन सामान आणि तटरक्षक दलाची तुकडी विमानानं पाठवली. तिथल्या लोकांनी तोवर उसाचं पाचट भरून तरंगते बांध शिवायला घेतले होते. हा फोटो पोट्ट्यांना जरूर दाखवा.

जुना राष्ट्रभाषावाला, आर्वी:

मॅडम, तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला पोर्ट लुईपर्यंत जायची गरज नाही. नागपूरपर्यंत जा.

१० जानेवारी १९७५. पहिलं विश्व हिंदी संमेलन नागपुरात भरलं. भरवणारी संस्था आपल्या वर्ध्याची राष्ट्रभाषा प्रचार समिती. उद्घाटन इंदिरा गांधींचं आणि प्रमुख पाहुणे मॉरिशसचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. हिंदीची 'कोविद' परीक्षा पास झालो होतो म्हणून आर्वीहून आम्हा सहा जणांना स्वयंसेवक म्हणून नेलं. मला काम होतं पाण्याचं. थंडी कडाक्याची, पाणी कुणी पीत नव्हतं, म्हणून मला भाषणं ऐकायला मिळाली. रामगुलाम गोल चेहऱ्याचे, ठेंगणे. आमच्या गुरुजींनी कानात सांगितलं, "याचा बाप बिहारातून ऊस तोडायला गेला होता." मला खोटं वाटलं. खोटं नव्हतं. वडील मोहित, भोजपूरच्या हरिगावचे, १८९६ मध्ये गेले होते. आज तिथं जे पंतप्रधान आहेत, नवीनचंद्र रामगुलाम, ते त्या मोहितचे नातू.

दुसरं संमेलन पुढच्याच वर्षी मॉरिशसनं भरवलं. विश्व हिंदी सचिवालयही तिकडेच आहे. आणि नागपूरच्या संमेलनात मागणी झाली होती की हिंदीचं एक आंतरराष्ट्रीय विद्यापीठ वर्ध्यात व्हावं. व्हायला वीसेक वर्षं लागली, पण झालं. तुमच्या मावशीच्या वरच्या खोलीत भाडेकरू आली ती या रस्त्यानं आली.

गांधीजींचा धागा तर वर्धेकरांनी विसरूच नये. १९०१ मध्ये आफ्रिकेतून परतताना त्यांचं जहाज मॉरिशसला थांबलं, दोनेक आठवडे ते तिथं राहिले. मजुरांना सांगितलं, पोरांना शिकवा आणि राजकारणात उतरा. पुढे १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर हा बॅरिस्टर तिकडे गेला आणि मजुरांचे खटले लढला. मॉरिशसनं स्वातंत्र्याचा दिवस १२ मार्च १९६८ निवडला तो दांडी यात्रा निघाली ती तारीख म्हणून. मग सांगा, हिशेबनीस साहेब, ही तारीख कोणत्या करारात बसते?

हिशेबनीस, दर्यापूर:

काकाजी, तारीख नाही बसत, मान्य. पण मीही एक भर घालतो. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती तिकडे गेल्या तेव्हा जाहीर झालं की भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड मिळेल, म्हणजे नागरिक परदेशाचे असले तरी भारतात व्हिसाशिवाय येता-राहता येईल असं कार्ड. ते काढायला पूर्वज भारतातून आल्याचा कागद लागतो. म्हणजे मॅडमच्या मावशीनं पाहिला तोच कागद. दीडशे वर्षांपूर्वी मळेवाल्याला माणूस पळून गेला तर ओळखता यावा म्हणून तो व्रण लिहिला होता. आज त्याच ओळीवर भारताच्या उच्चायुक्तालयात अर्ज जातो.

कारंज्याची मास्तरीण:

सगळ्यांचे आभार. काल सातवीला सांगितलं. दगडांचे ढीग सांगितले तेव्हा वर्ग चूप झाला. पांढुर्ण्याची गोष्ट सांगितली तेव्हा तिघांनी हात वर केले की आमच्या आबाजीनं पण नेला होता कापूस. धावपट्टीचा हिशेब त्यांना सगळ्यात लवकर कळला.

पण त्याच पोट्ट्याचा पुढचा प्रश्न आला: "मॅडम, कोकणातले गेले, बिहारचे गेले, मग आपल्या गावचं कोणी काहून नाही गेलं?" आता?

जुना राष्ट्रभाषावाला, आर्वी:

पोट्ट्याला माझ्यातर्फे एक पेन द्या.

कोकणात जमीन थोडी, खाणारी तोंडं जास्त आणि होडीत बसलं की मुंबई. मुंबईच्या बंदरावर भरतीवाले उभेच. आपल्याकडून बंदर कुठं? त्या काळी नागपूर-वऱ्हाडचा कापूस बैलांवर लादून गंगेकाठी मिर्झापूरला जायचा, माणूस समुद्रापर्यंत पोचणार कसा? आणि जेव्हा पोचता आलं असतं तेव्हा इथंच काम निघालं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, वऱ्हाडाच्या कापसाला भाव आला. हिंगणघाटचा कापूस तर आधीपासून नावाजलेला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला आली. म्हणजे ज्या वर्षांत रत्नागिरीचा माणूस जहाजात चढत होता त्या वर्षांत वऱ्हाडात बाहेरून मजूर येत होते. आज आपली पोरं पुण्याला आणि वेल्डरभाऊसारखी बेटावर जातात, ते तेव्हाचं उलटं झालेलं आहे. हे मात्र सातवीला सांगू नका, घरी जाऊन बापाला विचारतील.

यवतमाळची सून, माहेर रत्नागिरी:

मी इथं फक्त वाचते, पण आज राहवलं नाही. मास्तरीणबाई, त्या कागदावर 'कॅसली' आहे म्हणालात ना? राजापूर तालुक्यात कशेळी आहे, कनकादित्याचं देऊळ आहे ते गाव. इंग्रजी कारकुनानं कशेळी ऐकलं तर 'कॅसली'च लिहील. पण रत्नागिरीजवळ कासारवेलीही आहे. तालुक्याचा रकाना वाचता येतो का बघा, 'आर'नं सुरू होत असेल तर मात्र पंचाईत, राजापूरही 'आर' आणि रत्नागिरीही 'आर'.

कारंज्याची मास्तरीण:

ताई, मावशीकडे त्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये आहे. तालुक्याच्या रकान्यावर शाईचा डाग आहे, नुसतं शेवटी 'पूर' दिसतं असं मावशी म्हणते. ('पूर' की 'पोर' यावर मावशी आणि तिचा नातू अजून भांडून राहिले.) मुलीला दोन्ही नावं पाठवली. तिचं उत्तर आलं की डिसेंबरात आजोबांना घेऊन येते, आधी वर्ध्याला मावशीकडे, मग कोकणात. आजोबा ८१ वर्षांचे आहेत. वर्ध्याहून रत्नागिरीला सरळ गाडी आहे का कुणाला माहीत?

सिंदीचा वेल्डर:

नागपूर-मडगाव गाडी आहे, वर्ध्याला थांबते, पण रोज नाही. आजोबांना खालचा बर्थ मिळेल असं आतापासून पाहा. आणि सिंदीवरून जाणार असतील तर मले सांगा, स्टेशनवर डबा घेऊन येतो. दालपुरी जमणार नाही, पुरणपोळी आणतो. जोडीच आणतो.